वार गेलो काय गेली?

वयनी, काहीतरी चुकलंय. तुझं तेरावं काल झालं, माणसं आपापल्या गावी गेली, मांडवाचे नारळाच्या पानांचे झाप सोडवून खळ्याच्या कडेला रचून झाले, आणि मला अजून वाटतंय की कुठेतरी नावांची अदलाबदल झाली. या घरच्या आपण दोघी सुना, तू थोरली, मी धाकटी, आणि जायची पाळी माझी होती. साऱ्या गावाला ते ठाऊक होतं. मला ठाऊक होतं, तुला ठाऊक होतं, आणि त्यावर आपलं बोलणंसुद्धा झालं होतं. तू कशी गेलीस?

त्या दुपारी आपण दोघी घरापुढच्या खळ्यात आमसुलांसाठी रातांबे फोडत बसलो होतो. टोपली भरली म्हणून मी उचलायला गेले, तर तू ओरडलीस. माझं बाळंतपण होऊन वर्ष उलटून गेलं तरी तुझा तो जाच सुटला नव्हता. "ठेव थंय! वजन उचलू नको म्हणान सांगितलंहा ना तुका?" मी म्हटलं, "वयनी, मी आता बरी आहे, तू आपल्या जिवाकडे बघ." त्यावर तू काहीतरी झणझणीत बोलशील म्हणून मी वाट बघत राहिले. तू नुसतंच कपाळ मनगटाने दाबून म्हणालीस, "डोक्यात कळ येता गो. वायच पडतंय. रातांबे तसेच ठेव, मी उठान फोडतंय."

मी तसेच ठेवले. माशा घोंघावायला लागल्या तरी ठेवले, कारण तू सांगितलं होतंस. मग चहा घेऊन आत गेले तर तू ओटीवर चटईवर पडली होतीस आणि तुझे दोन्ही हात मनगटापर्यंत लाल होते. मला रक्तच वाटलं. रक्ताची सवय झालेलं माणूस मी, मला दुसरं काय वाटणार? रातांब्याचा रस आहे हे कळायला वेळ लागला, आणि तो रस आहे हे कळल्यावर इतकं हायसं वाटलं की तू श्वास घेत नाहीस हे त्यानंतरच दिसलं. डॉक्टर आले, डोळे उघडून बघितले, डोक्यातली शीर फुटली असावी म्हणाले. असावी! एवढं धडधाकट बाईमाणूस, कधी सर्दीने शिंकलं नाही, आणि त्याचं कारण काय, तर असावी.

पुढचं ऐक, तुला हसू येईल. 'वरच्या घरातली सून गेली' अशी बातमी वाडीत फिरली. कुठली सून हे कुणी विचारलंच नाही. शेजारची भागीरथीकाकू माझ्या नावाने गळा काढत खळ्यात शिरली, "सुधा गो, पोराक टाकून कशी गेलंस गो!" आणि दारात मी उभी. कडेवर पोर. "अगो, तू जिती आसस?" असं तिने मला विचारलं, आणि मी तिला "हो" म्हणाले. आणखी काय म्हणणार? "मगे कोण गेली?" तिने विचारलं. मी आत ओटीकडे बोट दाखवलं.

माझे बाबा वेंगुर्ल्याहून दुसऱ्या दिवशी पोचले. त्यांनाही तसाच निरोप गेला होता. आयुष्यभर शाळेत शुद्धलेखन शिकवलेला माणूस, सदरा उलटा घालून आला होता. मला बघून ते पायरीवरच बसले आणि माझा पाय धरून रडले. बापाने लेकीचा पाय धरावा, वयनी! आणि मग कोण गेलं हे कळल्यावर त्यांना आपल्या सुटकेची इतकी लाज वाटली की दोन दिवस ते कुणाशी धड बोलले नाहीत. जो येत होता तो आधी माझ्याकडे बघत होता. कुणी तोंडाने म्हणालं नाही, पण प्रत्येकाच्या नजरेत मी एक चूक होते.

कारण तयारी माझी झाली होती ना. गेल्या वर्षीच्या माघात, सातव्या महिन्यात, मी विहिरीवरून घरात आले आणि पायावरून रक्त आलं. दुखत काहीच नव्हतं, म्हणून मला ते फार मोठं वाटलं नाही. ह्यांनी बैलगाडी केली आणि मला मालवणात डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी पोट बाहेरूनच चाचपलं. आत तपासणार नाही, हात लावला तर रक्त थांबायचं नाही, असं नर्सला म्हणाले. मग पडद्यापलीकडे ह्यांना सांगितलेलं मला तुटक ऐकू आलं, "वार खाली..." मी पडल्यापडल्या विचार करत होते की माझ्यावर वार केला कुणी? आईविना वाढलेली मुलगी मी, बाबांच्या शाळेतली पुस्तकं वाचून शहाणी झालेली. आमच्या पुस्तकांत वार तलवारीचेच असत.

ह्यांना तर तेवढंही कळलं नव्हतं. पुरुषमाणूस, कचेरीतला कारकून, बाळंतपणाचे शब्द त्यांच्या कानावर कधी पडणार? घरी येऊन ओटीवर उभं राहून त्यांनी जाहीर केलं, "डॉक्टर म्हणतत, वार खाली गेलो."

आयेने, आपल्या सासूने, लगेच छाती पिटली. वार खाली गेलो, म्हणजे उपासाचा वार चुकला! "खंयचो सोमवार खाली गेलो गो? संक्रांतीक पावणे इल्ले तेवा खाल्लंस काय कायतरी?" खरोखरच मी खाल्लं होतं, वयनी. घावणे खाल्ले होते, तूच वाढले होतेस. मी मान हलवली आणि आये धावली ती थेट देवळात गाऱ्हाणं घालायला. देवळातला म्हातारा गुरव खड्या आवाजात म्हणाला, "बा देवा महाराजा, ह्या लेकराचो खाली गेलेलो वार वर काढून घे रे महाराजा!" आणि जमलेल्या चौघांनी साथ दिली, "व्हय महाराजा!"

तू तेव्हा मागीलदारी मासे धूत होतीस. हात पुसत ओटीवर आलीस, सगळं ऐकून घेतलंस आणि ह्यांना विचारलंस, "भावजीनू, डॉक्टर वार 'गेलो' म्हणाले काय 'गेली'?"

हे गोंधळले. "त्यात काय फरक?"

"माका सांगा. गेलो काय गेली?"

त्यांनी आठवून आठवून सांगितलं, तो नव्हे, ती. डॉक्टर 'खाली आली आहे' म्हणाले होते. आणि वयनी, तुझा चेहरा त्या वेळी जसा पांढरा पडला तसा मी परत एकदाच बघितला, आता, चटईवर. पण तुझा आवाज घाबरला नाही. "मरांदेत तुमचे सोमवार," तू म्हणालीस. "ह्यां उपासाचां न्हय. वार, पोराची वार, ती खाली वाटेर येवन आडवी पडलीहा. पोर भायर येवचां खंयसून? हिका आडवी करा आधी." आणि त्या क्षणी मला पहिल्यांदा कळलं की मी मरू शकते. एका 'गेली'मुळे कळलं.

मग ते आडवं पडणं. डॉक्टरांनी खाटेचा पायथा उंच करायला सांगितला होता. तू विहिरीच्या कठड्याजवळचे दोन चिरे ओढत आणलेस आणि खाटेच्या पायाखाली सारलेस. डोकं खाली, पाय वर. आयेला ते अजिबात पटलं नव्हतं. असं उलटं कोण निजतं? आणि तिने सोमवार काही सोडले नाहीत. 'दोनय वार सांभाळूया' असं तिचं म्हणणं, आणि तू हसून तिला उपासाचे कंद, कणगे, उकडून द्यायचीस. तशा पडलेल्या अवस्थेतून मला दारातून जाणाऱ्या माणसाचे फक्त पाय दिसायचे. तुझे पाय मला पाठ झाले. उजव्या पायाच्या जोडव्याला चीर होती, ते फरशीला घासून आवाज करायचं. तो आवाज आला की मी डोळे मिटून झोपल्याचं सोंग करायची, कारण तू पेज घेऊन आलेली असायचीस आणि मला पेजेचा कंटाळा आला होता. सोंग तुला कळायचं. "निजलेल्या माणसाच्या पापण्यो हालनत नाय गो बाये," म्हणून तू वाटी तोंडाला लावायचीस.

मी तुझ्याशी किती भांडले त्या दिवसांत! एकदा म्हटलं, तुम्ही सगळ्यांनी मला गुरासारखं बांधून ठेवलंय. तू म्हणालीस, गुरासारखां कसलां, गुराक बरां कळता, ता लाथ मारीत नाय वैद्याक. एकदा मी रडले आणि ओरडले, मला अंघोळ हवी. तू कळशी घेऊन आलीस आणि खाटेवरच माझे केस धुतलेस, डोकं आयतं खालीच आहे म्हणालीस, सोयीचां पडला. मला राग आला असताना तू हसवायचीस, हे मला कधी आवडलं नाही. आता कोण हसवणार आहे?

आणि तो दिवस. पुन्हा रक्त गेलं होतं, थोडंसंच, पण मी धीर सोडला होता. घरात मरणाचं नाव कुणी काढत नव्हतं. हे यायचे, काय हवं नको विचारायचे, आणि नजर चुकवून जायचे. बाबांची पत्रं यायची, त्यांत देवाचं आणि हवापाण्याचं. मला कुणाशी तरी बोलायचंच होतं. मी म्हटलं, "वयनी, माझं काही बरंवाईट झालं तर..."

कुणीही असतं तर "असां बोलू नये" म्हणालं असतं. तू म्हणाली नाहीस. वाटीतली पेज ढवळत राहिलीस आणि म्हणालीस, "मेलंस तर पोर माझां. आता गप रव नि पेज पी."

मी गप्प राहिले आणि पेज प्याले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला गाढ झोप लागली, वयनी. तुला हे मी कधी सांगितलं नाही. सगळे मला म्हणत होते की तू मरणार नाहीस, आणि माझा त्यांच्यावर विश्वास नव्हता. तू एकटी म्हणालीस की मेलीस तर काय होईल, आणि ते ऐकून माझी भीती ओसरली.

नववा लागला तेव्हा मला वेंगुर्ल्याला न्यायचं ठरलं, तिथे पोट फाडून मूल काढायची सोय होती. हे गाडीची चौकशी करायला निघाले तर तू त्यांना अडवलंस. "रस्त्यान नको. ह्या खड्ड्यांनी पोर गाडयेतच भायर येतलां. पाण्यान न्हेवया." देवबागेतून तुझा भाऊ होडी घेऊन आला. समुद्र निवांत होता. तू मला मांडीवर घेऊन होडीच्या पुढच्या टोकाशी, नाळीत, बसलीस आणि सगळी वाट एका हाताने माझ्या पोटावर पदर धरून होतीस, जसं काही ते पदराने बांधलं तर जागचं हलणार नव्हतं. मी आकाश बघत होते. तू तुझ्या भावाशी बांगड्याच्या भावावरून वाद घालत होतीस. मला वाटलं, मरायचं असेल तर या क्षणी मरावं, किती बरं आहे सगळं. हेही मी तुला सांगितलं नाही, सांगितलं असतं तर तू मला पाण्यात टाकलं असतंस.

शस्त्रक्रियेत फार रक्त गेलं. ह्यांचं रक्त जुळलं नाही, बाबांचं जुळलं नाही. तुझं जुळलं. नर्सने सुई घेतली तेव्हा तू विचारलंस म्हणे, "बाय, माझ्या रगताक बांगड्यांचो वास येतलो, हिका चलात मां?" मला हे बाबांनी नंतर सांगितलं. हसताना माझे टाके दुखले. आता ते आठवलं की हसायला येत नाही. वयनी, तुझं रक्त माझ्या अंगात फिरतंय आणि तुझ्या अंगातलं थांबलं. हे मी कसं समजून घ्यायचं? तुला हळद-कुंकू लावून हिरवी साडी नेसवली तेव्हा मी तुझ्या पायाशी होते. जोडव्याची ती चीर बघत होते. ते घासलं नाही, वाजलं नाही. बायका मला बाजूला व्हायला सांगत होत्या आणि माझ्याने होईना.

पोराच्या नावावरून आपलं भांडण संपलंच नाही. बारशाला मी सुरेश ठेवलं. तू पाळण्यात वाकून त्याच्या कानात 'वारू' म्हणालीस. वारेवर मात करून आला म्हणून वारू. मला ते अजिबात आवडलं नव्हतं. शहाण्या घरात कुणी पोराला असल्या गोष्टीवरून हाक मारतं का? मी सांगितलं, शाळेत घालायच्या आधी ही हाक बंद झाली पाहिजे. तू म्हणालीस, "शाळेत घालीसर बघूया." त्याला सध्या येतात ते शब्द दोन आहेत, एक 'आ' आणि एक स्वतःचं नाव म्हणून 'वाऊ'. तू जिंकलीस. सुरेश म्हटलं तर तो वळूनही बघत नाही.

खाटेखालचे ते चिरेही अजून आहेत. मी म्हणायची, फेकून दे, मला बघवत नाहीत. तू ते परत विहिरीवर नेलेस आणि तुझी शालू त्यांतल्या एकावर बसून भातुकली खेळायला लागली. सात वर्षांची तुझी एकुलती एक लेक. तू गेल्यापासून कालपर्यंत ती त्या चिऱ्यावरच बसलेली असायची. बोलायची नाही, रडायची नाही. जेवायला बोलावलं तर यायची, दोन घास खायची, परत जायची. तिला कुणी काही विचारलं नाही. मोठ्यांचं बोलणं तिच्या डोक्यावरून चाललं होतं.

काल तेराव्याचं जेवण झाल्यावर ओटीवर शालूचं बोलणं निघालं. मुंबईहून आलेले भावोजी, शालूचे वडील, भिंतीला टेकून बसले होते. या दोन आठवड्यांत ते म्हातारे झालेत. ते म्हणाले, "माका गिरणीत परत हजर व्हया. मुंबयत खोलयेत आमी पाच पुरुष ऱ्हवतंव. चेडवाक थंय कोण बघतलां?" तुझा भाऊ म्हणाला, "चेडवाक आमी देवबागाक न्हेतंव. भैणीचां पोर, आमका काय जड न्हय." चांगला माणूस, मनापासून म्हणत होता. आये पदर डोळ्यांना लावून बसली होती. ह्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. का बघावं? पोट फाडलेली सून, स्वतःचं पोर कडेवर, तिला आणखी एक कोण सांगणार? आणि मला काही उचलू नको म्हणणारी तू एकटीच होतीस, ती तू राहिली नव्हतीस, तरी मला वाटत होतं की तू आतून ओरडशील, ठेव थंय!

मी दाराआड उभी होते. या घरात चार वर्षांत मी मोठ्यांसमोर तोंड उघडलं नव्हतं. आणि एक गोष्ट मला त्या दाराआड कळली, वयनी. आपलं ठरलं होतं ते अर्धंच ठरलं होतं. मी गेले तर पोर तुझं, हे तू सांगितलंस. तू गेलीस तर काय, हे तू विचारलं नाहीस आणि मी बोलले नाही. कसं सुचावं? तू जाणारी नव्हतीसच. इतक्या धडधाकट माणसाला कोण विचारतं की तुझ्यामागे तुझ्या लेकीचं काय? मी खाटेवरून रोज तुझ्याकडून एक एक वचन मागून घेतलं, पोराला शिकवशील ना, मारणार नाहीस ना, माझा फोटो दाखवशील ना, आणि तू एकदाही उलट काही मागितलं नाहीस. एकदा तरी मागायचं होतंस गो. मी हो म्हटलं असतं, आणि आज ते माझ्यापाशी असतं.

भाऊ म्हणाला, "मगे उद्या सकाळची होडी. चेडवाचे कपडे काढून ठेवा."

मी बाहेर आले. तू मला नेहमी चिडवायचीस ना, की मी पुस्तकातलं बोलते, एवढी वर्षं मालवणात राहून माझ्या तोंडातून एक मालवणी शब्द धड निघत नाही? मला काय बोलायचं ते ठाऊक नव्हतं. तोंड उघडलं आणि ते तुझ्या बोलीतच आलं. "चेडू खंय जावचां नाय," मी म्हटलं. "वयनीचां नि माझां ठरलां हा."

भावोजींनी मान वर केली. "कधी ठरलां?"

"मी खाटेर होतंय तेवा," मी म्हटलं. अर्धं खरं होतं. उरलेलं अर्धं मी तिथे उभ्या उभ्या पुरं केलं. आयेने पदराआडून एकदा माझ्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाली, "व्हय महाराजा."

मी विहिरीवर गेले. शालू चिऱ्यावर बसली होती. तिच्या शेजारच्या चिऱ्यावर मी बसले, पहिल्यांदाच. तिने विचारलं, "काकी, माका न्हेतले?" मी नाही म्हटलं. मग तिने मला विचारलं, "माझी आवस खरीच गेली?" आणि तेव्हा मला कळलं की इतके दिवस मी ते कुणालाही म्हटलं नव्हतं. भागीरथीकाकूलाही नाही, बाबांनाही नाही.

"गेली," मी म्हटलं.

ती रडायला लागली, मोठ्याने. माझ्या मांडीत डोकं खुपसून रडली आणि मी तिला उचललं, वजनाचं काय ते तू ओरड आता हवं तेवढं. आत नेलं, पेज वाढली, आणि तिने ती सगळी संपवली.

वयनी, तू मागितलं नव्हतंस, तरी ऐक. गेलंस तर चेडू माझां. आता गप रव.